चांदीच्या नाण्यांचा मर्यादित आवृत्तीचा संच: मोडताना हातात किती येईल, हे घेण्याआधी कसं काढायचं

लाकडी पेटी, आत मखमल, आठ खाचांत अष्टविनायकाची आठ नाणी आणि सोबत एक कार्ड: '५,००० पैकी ३१२ वा संच'. दसरा-दिवाळीच्या सुमाराला असे संच पेढ्यापेढ्यांवर मांडलेले दिसतात. घेणाऱ्याच्या मनात प्रश्न एकच असतो, उद्या गरज पडली तर यातून पैसे निघतील का? चांदीचे निघतील. पेटीचे, कार्डाचे आणि त्या '३१२'चे बहुतेक वेळा निघत नाहीत. काही संच मात्र याला खरोखर अपवाद असतात. आपल्या समोरचा संच कुठल्या गटातला, हे दुकानात उभ्या उभ्या काढता येतं. त्यासाठी मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर आणि थोडा धीर पुरतो.

पहिली पायरी: चोख चांदी किती?

वजन गुणिले शुद्धता. इतकं साधं गणित आहे, पण बहुतेक जण ते करत नाहीत, कारण नजर नाण्यावरच्या चित्रावर किंवा रकमेवर असते. सराफाकडच्या नाण्यावर '९९९' किंवा '९९०' असा शिक्का असतो. २० ग्रॅमच्या ९९९ नाण्यात २० ग्रॅम चांदी धरायला हरकत नाही. '९२५' असेल तर २० ग्रॅममध्ये साडेअठराच ग्रॅम. शिक्का नुसता '९९९' आहे की भारतीय मानक ब्युरोचा हॉलमार्कही आहे, हे पाहा. चांदीला हॉलमार्क ऐच्छिक आहे, त्यामुळे तो नसला म्हणजे माल खोटा असं नाही. पण विकताना दुसरा सराफ तुमच्या सराफाच्या शिक्क्यावर विसंबत नाही, तो स्वतः टंच काढतो, म्हणजे शुद्धता तपासतो.

सरकारी टांकसाळीच्या स्मारक नाण्यांत फसगत जास्त होते. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा इथल्या टांकसाळींतून निघणारी ४४ मिलिमीटर व्यासाची, ३५ ग्रॅमची बहुतेक मोठी नाणी चार धातूंच्या मिश्रणाची असतात: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. मे २०२३ मध्ये नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला निघालेलं ७५ रुपयांचं नाणं याच प्रकारचं. उलट एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेला ९० वर्षं झाली म्हणून काढलेलं ९० रुपयांचं नाणं शुद्ध चांदीचं, ४० ग्रॅमचं आहे. दोन्ही हातात घेतली तर ५ ग्रॅमचाच फरक जाणवतो, चांदी मात्र दुपटीहून अधिक. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाल्याच्या निमित्ताने काढलेलं १,००० रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं, म्हणून त्यात २८ ग्रॅम. १९६९ चं गांधी जन्मशताब्दीचं १० रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के: १२ ग्रॅम. आणि आजीच्या ट्रंकेतला राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के शुद्ध, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० पासून रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आली, तेव्हा साल पाहिल्याशिवाय हिशेब करू नका.

दुसरी पायरी: चढावा वेगळा काढा

किंमत वजा धातू, म्हणजे चढावा. यात घडणावळ, पेटी, छापखर्च, नफा आणि ३ टक्के जीएसटी सगळं येतं. जीएसटी तर दिला त्याच क्षणी गेला. घरगुती ग्राहकाला तो विकताना परत मिळत नाही.

दर कुठला धरायचा? दुकानातल्या फलकावरचा नव्हे. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा सकाळ-संध्याकाळ जाहीर होणारा दर घ्या, तो जीएसटीशिवायचा असतो. खालच्या उदाहरणात हिशेब सोपा व्हावा म्हणून ग्रॅमला १०० रुपये धरले आहेत. तुम्ही त्या दिवशीचा दर घाला, पद्धत तीच.

अष्टविनायकाच्या संचात १० ग्रॅमची आठ नाणी, ९९९ शुद्धता. चांदी ८० ग्रॅम, म्हणजे ८,००० रुपये. समजा किंमत सगळं धरून १३,५०० रुपये आहे. चढावा ५,५०० रुपये, धातूच्या जवळजवळ ६९ टक्के.

आता मोडीचा भाव. सराफ चोख चांदीलाही पूर्ण दर देत नाही. वितळवताना थोडी घट येते, टंच काढायचा खर्च असतो, भाव उतरण्याची जोखीम असते. म्हणून तो बट्टा कापतो, आणि तो दुकानागणिक २-३ टक्क्यांपासून १० टक्क्यांपर्यंत जातो. ५ टक्के धरले तर हातात ७,६०० रुपये. दुकानाची पायरी उतरताच ५,९०० रुपयांचं नुकसान, भरलेल्या रकमेच्या ४४ टक्के.

तिसरी पायरी: बरोबरीचा दर

हे एक सूत्र कागदावर लिहून पाकिटात ठेवावं असं आहे: भरलेली एकूण रक्कम भागिले (चोख ग्रॅम गुणिले मोडीचं प्रमाण, म्हणजे ५ टक्के बट्ट्याला ०.९५). आपल्या संचात १३,५०० भागिले ७६, म्हणजे १७७ रुपये ६० पैसे. १०० चा दर १७७ च्या पुढे गेला, तरच मुद्दल सुटेल. चांदी ७८ टक्के वाढायला हवी.

त्याच ८० ग्रॅमची साधी लगड किंवा सीलबंद बार घेतला, घडणावळ ४ टक्के आणि वर ३ टक्के जीएसटी धरला, तर किंमत ८,५७० च्या आसपास. बरोबरीचा दर ११३ रुपयांच्या आत. उद्या चांदी १५० वर गेली, तर दोन्हींचे ११,४०० रुपयेच येतील. बारवाला २,८०० च्या वर कमावेल, संचवाला २,१०० गमावेल, आणि तेही चांदी दीडपट झालेली असताना. 'चांदी वाढतेच आहे, मग संच घ्यायला काय हरकत' या बोलण्यातली गफलत हीच.

चांदी नेहमी वाढतेच असंही नाही. १९८० च्या जानेवारीत जागतिक भाव औंसाला (सुमारे ३१.१ ग्रॅमला) ५० डॉलरच्या जवळ गेला होता. २०११ मध्ये पुन्हा तिथवर जाऊन तो उतरला आणि मार्च २०२० मध्ये १२ डॉलरच्याही खाली होता. आपल्याकडे २३ जुलै २०२४ ला अर्थसंकल्पात आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि त्याच दिवशी बाजारात भाव पडला. आदल्या दिवशी ज्यांनी चढावा देऊन संच घेतला, त्यांना दोन्हीकडून मार बसला.

आमचा ठोकताळा असा: चढावा १५ टक्क्यांच्या आत असेल तर तुम्ही चांदी घेत आहात, बिनधास्त घ्या. १५ ते ४० मध्ये पुढच्या तीन पायऱ्या करूनच ठरवा. ४० च्या वर असेल, तर तो पैसा हौसेच्या खात्यात लिहा. हौस काही वाईट नाही, फक्त तिला बचत म्हणू नये.

चौथी पायरी: 'मर्यादित' म्हणजे नेमकं काय?

हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि इथेच सगळी मेख आहे.

एक, टांकसाळीने कमाल संख्या आधीच जाहीर केलेली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ टांकसाळीची चिनी राशिचक्राची नाणी अशी आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या मालिकेत एक औंस चांदीच्या नाण्याची मर्यादा दर वर्षी ३,००,००० होती. यातही बारीक अक्षरं वाचावी लागतात: मर्यादा एका आकाराची, एका घडणीची असते. तेच चित्र अर्ध्या औंसात, दोन औंसांत, प्रूफमध्ये (संग्राहकांसाठीची आरशासारखी चकचकीत घडण), रंगीत अशा वेगवेगळ्या रूपांत येतं आणि प्रत्येकाची मर्यादा निराळी. सगळ्यांची बेरीज केली की 'दुर्मीळ' शब्द पातळ होतो.

दोन, मुदतीची मर्यादा. आपल्या सरकारी टांकसाळीच्या स्मारक नाण्यांत साधारण असंच होतं: ठरावीक दिवस नोंदणी खुली, जितक्या मागण्या आल्या तितकी नाणी. विक्रीच्या दृष्टीने याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्याला ज्याला ते नाणं हवं होतं, त्याला ते टांकसाळीनेच दिलं. मग तुमच्याकडून चढ्या भावाने घेणारा उरला कोण? नोंदणी हुकलेले थोडे जण आणि पुढे छंदाला लागणारी नवी माणसं. म्हणून अशा नाण्यांना काही वर्षं थांबावं लागतं, आणि थांबूनही भाव येईलच असं नाही.

तीन, खासगी संच. इथे मर्यादा दुकानदाराने स्वतःवर घालून घेतलेली असते. साचा त्याच्याकडेच राहतो. पुढच्या वर्षी कमान थोडी बदलून 'नवी आवृत्ती' काढायला त्याला कोणी अडवत नाही. शिवाय ही कायद्याच्या अर्थाने नाणी नाहीतच, ती पदकं. आपण सवयीने त्यांना नाणी म्हणतो.

अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे. १९७० च्या दशकात फ्रँकलिन मिंट या खासगी कंपनीने ९२५ चांदीच्या पदकांचे संच वर्गणी घेऊन, मर्यादित आवृत्ती म्हणून घरोघरी विकले. १९८० मध्ये भाव शिखरावर गेला तेव्हा त्यातले ढीगच्या ढीग भट्टीत गेले. इतके वितळूनही उरलेले दुर्मीळ झाले नाहीत. आजही ते बहुतेक वजनावरच विकले जातात. संख्या कमी झाली, पण घेणारा कोणी तयार झाला नाही.

पाचवी पायरी: कोणाच्या अल्बममध्ये खाच रिकामी आहे?

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. चढावा टिकतो तो नाणी कमी आहेत म्हणून नव्हे. नाण्यांपेक्षा त्यांची वाट पाहणाऱ्या रिकाम्या खाचा जास्त असल्या, तरच तो टिकतो.

अमेरिकन ईगल हे एक औंसाचं चांदीचं नाणं १९८६ पासून दर वर्षी निघतं. १९९५ मध्ये वेस्ट पॉइंट टांकसाळीतलं त्याचं प्रूफ फक्त सोन्याच्या नाण्यांच्या दहाव्या वर्धापनाच्या महागड्या संचातच मिळत होतं, म्हणून ते ३०,१२५ च निघालं. तीस हजार हा आकडा आपल्या अष्टविनायकाच्या ५,००० पेक्षा सहापट मोठा. तरीही ते नाणं आज धातूच्या कित्येक पट किमतीला जातं, कारण दर वर्षीचं ईगल जमवणाऱ्या प्रत्येकाला ती एक खाच भरायचीच असते. ब्रिटनच्या रॉयल मिंटने २०१६ ते २०२१ मध्ये काढलेल्या 'क्वीन्स बीस्ट्स' या दोन औंसांच्या मालिकेला तर जाहीर कमाल संख्याही नव्हती. तरी पहिल्या सिंहाच्या नाण्याला धातूपेक्षा चांगला भाव आला, कारण मागाहून मालिकेत आलेल्यांना सुरुवातीचं नाणं हवंच होतं.

आता स्वतःला विचारा: अष्टविनायकाचा संच घेणारा माणूस सातवं नाणं शोधत हिंडतो का? नाही. त्याला आठही एकदमच मिळतात. खाच रिकामी राहतच नाही. पूर्ण संच विकण्याची ही अंगभूत अडचण आहे. सरकारी स्मारक नाण्यांना मात्र खरे संग्राहक आहेत, टांकसाळीच्या खुणेपर्यंत पाहणारे. सालाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. त्यामुळे जुने, कमी संख्येने निघालेले प्रूफ संच धातूच्या वर भाव घेतात.

सहावी पायरी: घेण्याआधीच विकून पाहा

म्हणजे तसाच, आदल्या वर्षीचा संच 'विकायचा आहे' असं सांगून तीन ठिकाणी भाव विचारा. एक, तोच सराफ. तो परत घेतो का? घेतला तर रोख देतो की फक्त दागिन्यांच्या बदल्यात? बऱ्याच पेढ्या बदल्यात पूर्ण दर देतात आणि रोखीत कापतात. 'बायबॅक आहे' हे तोंडी आश्वासन पावतीवर लिहून मागा. लिहिताना दर कुठला आणि कपात किती, हेही. दोन, नाण्यांचा व्यापारी. मुंबईत फोर्ट परिसरात किंवा पुण्याच्या कॉइनेक्ससारख्या प्रदर्शनात भेटतो. तीन, लिलावगृह. तिथे विक्रेत्याचं कमिशन किती आणि पैसे किती दिवसांनी, हे आधी विचारा.

ऑनलाइन भाव पाहताना मागितलेली किंमत वाचू नका. कोणीही २५,००० लिहू शकतो. प्रत्यक्ष झालेली विक्री, लिलावाचे निकाल, हाच पुरावा. तिन्ही ठिकाणी उत्तर 'वजनावर घेऊ' असं आलं, तर चढावा शून्य समजून पुढचा निर्णय घ्या.

सरकारी नाण्याबद्दल एक गोष्ट इथेच. नाणी कायदा, २०११ नुसार नाणं वितळवणं गुन्हा आहे. त्यामुळे '१७.५ ग्रॅम चांदी तर कुठे जात नाही' हा दिलासा अर्धाच खरा: सराफाने ते भट्टीत टाकणं कायद्यात बसत नाही, आणि तांबं-निकेलमधून चांदी वेगळी काढणंही खर्चाचं. समजा ३,५०० रुपयांना घेतलेल्या अशा नाण्यात १०० च्या दराने १,७५० ची चांदी आहे. ते १,७५० सुद्धा संग्राहक किंवा नाण्यांचा व्यापारी देईल तेव्हाच. खासगी पदकाला निदान भट्टीचा आधार असतो.

कर्जाचा पर्याय मनात असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांत चांदीच्या नाण्यांवर कर्जाची सोय आहे, कर्जदारामागे ५०० ग्रॅमपर्यंत. त्यातही मूल्य धरलं जातं ते फक्त धातूचं.

नाणं जपणं

ज्या संचाला चढावा टिकण्याची शक्यता आहे, त्याची निम्मी किंमत पृष्ठभागात असते. प्रूफ नाण्याची आरशासारखी पाटी एका बोटाच्या ठशाने जाते. घामातलं मीठ आणि आम्ल काही महिन्यांत तपकिरी डाग उठवतं, आणि तो डाग निघत नाही.

म्हणून लक्ष्मीपूजनाला हळद-कुंकू, दुधाचा अभिषेक यासाठी वेगळं, साधं १० ग्रॅमचं नाणं ठेवा. संचातलं नाणं कॅप्सूलमधून काढूच नका. पितांबरी, रिठे, टूथपेस्ट, भस्म, सोडा आणि ॲल्युमिनियमचा फॉइल यांतलं काहीही संग्राह्य नाण्याला लावायचं नाही. चकाकी येते, पण भिंगाखाली ओरखड्यांची जाळी दिसते आणि व्यापारी तिथेच भाव पाडतो. एकसारखा आलेला जुना काळसर-सोनेरी रंग तर अनेक संग्राहकांना हवा असतो.

मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात. त्यांतून सुटणाऱ्या द्रव्याने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. रबरबँड आणि लोकरीत गंधक असतं, ते चांदी काळी करतं. दुकानातून आलेली पेटीही निर्धोक नाही: स्वस्त लाकडी फळीतून आणि गोंदातून वाफा सुटतात. नाणी कडक, पीव्हीसी नसलेल्या कॅप्सूलमध्ये घालून हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पेटी आणि प्रमाणपत्र वेगळं जपा. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्याआधी आणि नंतर पुड्या बदला. चांदीवर कधीकधी पांढरे, दुधाळ ठिपके येतात; ते टांकसाळीतल्या प्रक्रियेत राहिलेल्या अंशांमुळे असतात. घासून ते जात नाहीत, उलट नाणं जातं.

विकताना

आधी खरेपणाची खात्री स्वतः करून घ्या, म्हणजे समोरचा 'खोटं आहे' म्हणून भाव पाडू शकणार नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि चुंबक घ्या. चुंबकाला चिकटलं तर प्रश्नच मिटला. न चिकटणं हा मात्र पुरावा नव्हे, कारण जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदी नसलेलं तांबं-निकेल-जस्ताचं मिश्रण, तेही सहसा चिकटत नाही. राणीछाप रुपयाच्या नकला त्याच्याच बनतात. हाताळलेल्या नाण्यासाठी पाण्याची परीक्षा चांगली: काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने तळाला न टेकवता पूर्ण बुडवा, जो आकडा येईल त्याने वजनाला भागा. चोख चांदीला १०.५ च्या आसपास उत्तर येतं, ५० टक्क्यांच्या सरकारी मिश्रणाला साडेनऊच्या जवळ, जर्मन सिल्व्हरला पावणेनऊच्या आसपास. म्हणजे ४० ग्रॅमचं शुद्ध नाणं बुडवलं की काटा ३.८ दाखवील. प्रूफ नाण्यावर ही परीक्षा करायची नाही. त्याच्यासाठी पावती, सील आणि व्यापाऱ्याची नजर.

मग भाव दोन प्रकारे काढा: अख्ख्या संचाचा आणि सुट्या नाण्यांचा. मालिकेतलं पहिलं किंवा सर्वांत कमी निघालेलं नाणं एकटंच चांगला भाव घेत असेल, तर संच फोडणं फायद्याचं. प्रूफ संचात उलट: पेटी, पुस्तिका, प्रमाणपत्र यातलं एक जरी नसलं तरी मोडीत काढल्यासारखा भाव उतरतो. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या संस्थांकडून ७० पैकी गुण लावून घेण्याचा खर्च, धातूच्या किती तरी पट भाव मिळणाऱ्या नाण्यालाच परवडतो.

फोटो दिवसाच्या उजेडात, दोन्ही बाजूंचे, ठिपके न लपवता. व्यवहार शक्यतो समोरासमोर आणि पैसे खात्यात. २ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. कुरिअरने पाठवायचं झालं तर कंपनी चांदी स्वीकारते का आणि विमा देते का, हे लेखी विचारा. जुलै २०२४ मध्ये बदललेल्या नियमांप्रमाणे २४ महिन्यांहून जास्त काळ ठेवून विकलेल्या चांदीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, त्याआधी विकली तर तुमच्या नेहमीच्या दराने. मूळ पावती नसेल तर खरेदीची किंमत सिद्ध करणं जड जातं. १०० वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू कायद्याखाली येतात. ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं: तिथे नव्या चांदीवर २० टक्के व्हॅट जातो, पण रॉयल मिंटच्या चलनी नाण्यांवरचा भांडवली नफा तिथल्या रहिवाशांना करमुक्त आहे.

शेवटचं काम घेतल्याच दिवशी करा. एका चिठ्ठीवर चोख ग्रॅम, भरलेली रक्कम, त्या दिवशीचा दर, बरोबरीचा दर आणि 'सराफाकडे की नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे' हे लिहून, पावतीच्या प्रतीसह ती प्रमाणपत्राशेजारी ठेवा. असे संच पुष्कळदा घेणाऱ्याच्या मागे मुलं किंवा नातवंडं विकतात, आणि त्यांच्या हाती काहीच माहिती नसली की प्रूफ नाणंही मोडीच्या तराजूत जातं.